मीटरवरचं नाव

नाव बदलायला शुभंकरचाच अंगठा लागणार होता. ही गोष्ट गीतांजलीच्या ध्यानात आली तेव्हा रविवारचे सकाळचे नऊ वाजले होते, कुकरची दुसरी शिटी झाली होती आणि मोटारसायकल क्वार्टरच्या पुढच्या आंगणात चाबी लावलेली उभी होती. चाबी फिरवली की तिच्या मीटरच्या काळ्या काचेवर आधी एक निळी रेघ डावीकडून उजवीकडे धावायची, मग दोन सेकंद इंग्रजी अक्षरं उमटायची, हॅलो शुभंकर, आणि मग कुठे वेग, गिअर, पेट्रोल, घड्याळ आपापल्या जागी येऊन बसायचं. दीड वर्ष झालं, गाडी गीतांजली चालवत होती. दीड वर्ष ती ए शिफ्टला जायला पहाटे चाबी फिरवत होती आणि गाडी तिला शुभंकर म्हणत होती. आधी आधी तिला त्याचं काही वाटलं नाही. नवरा लकव्याने पलंगाला खिळलेला, गाडीवर तेवढं नाव उरलंय, असू दे बिचाऱ्याचं. पण स्टील प्लांटच्या गाडीस्टँडवरचा बबलू, पन्नाशी उलटलेला टवाळ माणूस, दुपारी ती गाडी काढताना काचेत डोकावायचा आणि मोठ्याने म्हणायचा, "नमस्ते शुभंकर भैया! बाल बहुत बढ़ा लिए आपने!" स्टँडवरची चार माणसं फिदीफिदी हसायची. तीही हसायची. शनिवारी मात्र हसता हसता तिच्या डोक्यात अशी तिडीक गेली की हेल्मेटचा पट्टा न लावताच तिने गाडी काढली. कमवायचं आपण, त्याचं हगणंमुतणं काढायचं आपण, ऊनपाण्यात गाडी हाकायची आपण, आणि नाव तेवढं त्याचं. काय म्हणून?

शुभंकरचा जुना मोठा फोन घरात होताच. कमला, दिवसा त्याला सांभाळणारी बाई, त्यावर त्याला भजनं लावून द्यायची. फोनचा पॅटर्न सगळ्या घराला ठाऊक होता. पण गाडीचं ॲप आत शिरायला अंगठा मागत होतं, आणि अंगठा म्हणजे उजवा, म्हणजे मेलेला. गीतांजली फोन घेऊन आत गेली. रविवारी सकाळी ती त्याच्या उजव्या हाताला तेल लावून चोळून द्यायची, हा दीड वर्षाचा नेम होता, म्हणून तिने हात उचलला तसा शुभंकरने डोळे मिटून घेतले, मान जरा सैल सोडली. तिने तेलाऐवजी लुगड्याच्या धांदोटीने अंगठा पुसला, खसखसून पुसला, कारण चामडीवर तेलाचा थर बसला की सेन्सर वाचत नाही हे तिला कुणी सांगायला नको होतं. मग अंगठा फोनच्या पाठीवर दाबला. पहिल्यांदा नाही लागला. दुसऱ्यांदा नाही. तिसऱ्यांदा तिने स्वतःचं बोट त्याच्या नखावर ठेवून असा जोर दिला की जिवंत हात असता तर त्याने शिवी हासडली असती. ॲप उघडलं. शुभंकरने डोळे उघडून तिच्याकडे पाहिलं. तेल कुठे आहे, असं विचारल्यासारखं.

"थांबा जरा," ती म्हणाली, "तुमचं काम होतं, संपलं."

त्याची वाचा गेली होती. म्हणजे शब्द गेले होते. आकडे तेवढे उरले होते. व्यायाम शिकवायला येणाऱ्या बाईने सांगितलं होतं की असं होतं, मोजणं तोंडात बसलेलं असतं, ते आपोआप येतं, रोज मोजून घेत जा. तेव्हापासून तो एक ते दहा मोजायचा. भूक लागली की हळूहळू, राग आला की भराभर, लाज वाटली की पुटपुटत. दहा झाले की तोंड उघडं राहायचं, जीभ काहीतरी शोधायची, आणि अकरा काही यायचे नाहीत. "दीदी, भइया आज घलो दस तक गिनिस हे," आजही दहापर्यंत मोजलं म्हणून कमला रोज कौतुकाने सांगायची, आणि गीतांजली रोज "हो का" म्हणायची. माणसाचा पार आकडा होऊन बसला होता, आणि तोही दहापर्यंतच.

ही गाडी आली तेव्हा हाच माणूस अख्खा रविवार आंगणात बसून होता. चार वर्षं झाली त्याला. एका हातात फोन, एका हातात कंपनीचं पुस्तक. रंग निळा की नारिंगी, वेगाचे आकडे मोठे की लहान, गिअर कुठल्या कोपऱ्यात. शेजारपाजारच्यांना बोलावून बोलावून दाखवून झालं, आणि सगळ्यात शेवटी बायकोला हाक आली. ती सातव्या महिन्याचं पोट सांभाळत पायरीपर्यंत आली. "पाह्य, नाव टाकलं." "मायं नाव नाही टाकता येत का?" तिने आपलं गमतीने विचारलं. "एकच बसते त्याच्यात. दहा अक्षरं." तिने बोटांवर आपल्या नावाची इंग्रजी अक्षरं मोजली. दहाच भरली. तसं ती म्हणालीही. तो हसला, शेजाऱ्यांकडे पाहून हसला. "तू कुठं चालवनार आहेस! हे काय स्कूटी आहे?" मग म्हणाला, "काटे पुसनाऱ्या बाईले मीटर काय समजते?" ती प्लांटच्या इन्स्ट्रुमेंटेशन शॉपमध्ये होती, दाब आणि तापमान दाखवणारी मीटरं तपासून, दुरुस्त करून देणं तिचं काम, तो स्टोअरच्या ऑफिसात क्लर्क होता आणि तिच्या कामाला काटे पुसणं म्हणायचा. त्या दिवशी तिला राग आला नव्हता. राग येतो हे कळायलाच तिला फार वर्षं लागली.

ॲपमध्ये तिने गाडी आपल्या फोनवर वळवून घेतली. नाव पुसलं, आपलं लिहिलं. जुन्या सेटिंग तशाच ठेवायच्या का, असं ॲपने विचारलं, तिने हो म्हटलं. इथवर ठीक होतं. इथेच फोन ठेवून ती भात उतरवायला गेली असती तर पुढचं काही झालं नसतं. पण तिच्या शॉपची एक रीत होती. दुसऱ्याच्या हातचं मीटर ताब्यात घ्यायचं तर आधीच्या माणसाने त्यात काय काय लावून ठेवलंय ते सगळं, एक एक करून, वाचायचं आणि मगच सही करायची. तिचे वडील देवानंदबाबू याच शॉपमधून रिटायर झाले होते आणि ही रीत त्यांनी तिच्या हाडीमाशी मुरवली होती. "आधी मीटर पाह्यचं, मंग मानसाले इचारायचं," असं ते जेवतानाही म्हणायचे. तर ती पायरीवर बसून सेटिंग वाचत गेली. रंग. उजेड. किलोमीटर. सर्विसची आठवण. मग कॉल. मग कॉलच्या पोटात, गाडी चालवताना काचेवर न दाखवायचे नंबर. त्या यादीत एकच नंबर होता. शेवटी चार, चार, एक, सात. पुढे तारीख होती, सात मार्च, चार वर्षांपूर्वीची, गाडी आली त्याच्या तिसऱ्या दिवसाची. आणि नाव होतं, गीता घर.

तो नंबर चार वर्षांपासून तिचा नव्हता. म्हणूनच तो तिला परका असल्यासारखा आधी दिसला आणि मग एकदम ओळखू आला. कुकरची तिसरी शिटी झाली, चौथी झाली. ती उठली नाही.

सव्वीस मार्च. तोही रविवारच. शुभंकर सकाळीच स्टोअरच्या दोस्तांबरोबर कुम्हारीला निघाला होता, नवी गाडी हायवेवर मोकळी करायला. साडेदहाला ती न्हाणीतून बाहेर पडली आणि पायाखाली ओलं लागलं. पाणी असेल म्हणून तिने दुर्लक्ष केलं. मग पाहिलं तर लाल. तिने भिंत धरली आणि फोन लावला. घंटी जात होती, जात होती, तुटत होती. तिने परत लावला. ती खाली बसली आणि परत लावला. फरशीची गार लादी मांड्यांना लागत होती, आणि कॅलेंडर पंख्याच्या वाऱ्याने भिंतीवर टक टक करत होतं, आणि ती मोजत होती, कारण मोजल्यावाचून तिला काही करताच येत नसे. चौदा वेळा. चौदाव्या वेळी वरच्या क्वार्टरमधली मथुरा वाळवणाची चादर मागायला आली, तिने दारातूनच पाहिलं आणि फोन तिच्या हातातून हिसकावून घेतला. "बहिनी, फोन ला छोड़, चल!" ऑटोत मथुराने तिचं डोकं मांडीवर घेतलं होतं आणि ती ऑटोच्या मीटरकडे पाहत होती, जे बंद होतं. दवाखान्यात म्हणाले, अर्धा पाऊण तास आधी आला असता तर. मुलगी होती. रडली नाही.

शुभंकर दोन वाजता आला. घामेजलेला, चेहरा उतरलेला. रडलाही, खरं तर तोच जास्त रडला. "मले एकबी कॉल आला नाही, गीता. मी मीटरवर पाह्यतच होतो ना. टॉवरचा प्रॉब्लेम असन." आणि तिने विश्वास ठेवला. हे तिला आता पायरीवर बसल्या बसल्या इतकं झोंबलं की तिने स्वतःच्या मांडीला कचकन चिमटा काढला. दुसरी कुठली बाई असती तर नवऱ्याच्या तोंडाकडे पाहून ओळखलं असतं. ही मात्र मीटरवाली! मीटरवर आलं नाही म्हणाला ना, म्हणजे मीटरपर्यंत पोचलंच नाही. मीटर गप्प असलं की शॉपमध्ये आधी पाठवणारं टोक उघडतात, तिकडेच काहीतरी तुटलेलं असतं, शंभरातल्या नव्वद वेळा. पाठवणारं टोक ती होती. तिचा फोन, तिचं सिम. तिने दोष स्वतःवर लिहून घेतला. पाचव्या दिवशी त्याने बाजारातून दुसऱ्या कंपनीचं नवं सिम आणून दिलं. "तुयं सिमच भंगार होतं. आता तरास नाही होईन." जुनं सिम तिने आपल्या हाताने कातरीने कापलं आणि म्हणाली, "माफ करा मले. मायाच फोननं घात केला." त्याने तिच्या डोक्यावर हात ठेवला. "होते कधी कधी," असं म्हणाला. त्याने तिला माफ केलं! सात मार्चला तिचं तोंड बंद करून ठेवलेल्या माणसाने एकतीस मार्चला तिला माफ केलं, आणि ती त्या माफीचे उपकार चार वर्षं वागवत आली. चौदा हा आकडा तिने कुणालाही सांगितला नाही. मथुराला नाही, वडिलांना नाही, त्यालाही नाही. खराब फोनवरून चौदा वेळा लावत बसले, अक्कल असती तर आधीच वर हाक मारली असती, हे सांगायचं तरी कोणत्या तोंडाने? त्यानंतर तो गाडीवर असताना तिने एकदाही फोन केला नाही. त्यामुळे पुढेही काही उघडकीला यायचं कारण नव्हतं.

आणि कारण काय? कारण तिला ठाऊक होतं, हेच तर वाईट होतं. कुणी बाई नव्हती, भानगड नव्हती. असती तर निदान मोठं काहीतरी असतं. गाडीवर कॉल आला की करणाऱ्याचं नाव अख्ख्या काचेवर पसरायचं आणि वेगाचा आकडा झाकला जायचा, एवढंच. पहिल्या दोन दिवसांत तिने तीन-चार वेळा केला असेल. कच्च्या चिंचा आणा, लिंबं आणा, कुठे आहात. "कावून घडीघडी फोन करून राहिली? मीटरवर तुयंच नाव येते, स्पीडच दिसत नाही मले!" असं तो आल्या आल्या कावला होता आणि ती हसली होती. वेग दिसावा म्हणून. किती वेगाने जातोय ते नीट दिसावं म्हणून त्याने बायकोला काचेवरून पुसलं, आणि पुसून विसरूनही गेला असेल. त्याच्या लेखी ती रंगासारखी, उजेडासारखी एक सेटिंग होती.

कुकर करपल्याचा वास आला तेव्हा ती उठली. गॅस बंद केला. मग शुभंकरला उचलून चाकाच्या खुर्चीत बसवलं, खुर्ची ढकलत पायरीशी आणली आणि चाबी फिरवली. निळी रेघ धावली. हॅलो गीतांजली. तिने त्याच्या तोंडाकडे पाहिलं. गाडीकडे कधीही पाहताना त्याच्या डोळ्यांत जी एक ओळख यायची ती आली, अडखळली आणि तशीच थिजली. तिने चाबी बंद केली, परत फिरवली. तिसऱ्यांदा फिरवली. त्याचा डावा हात खुर्चीच्या दांड्यावर वळवळायला लागला. आपण हे मजेने करतोय, हे तिला कळत होतं. आणि मजा येत होती हेही. मग तिने फोन त्याच्या डोळ्यांपुढे धरला. "हा कोनाचा नंबर आहे?" त्याने पाहिलं. नजर काढून घेऊन भिंतीवर लावली. तिने फोन भिंतीच्या बाजूला नेला. "तारीख वाचा. वाचता येते ना? आकडे तर येतेत तुमाले." त्याचे ओठ हलले. एक, दोन, तीन, चार, भराभर, एकमेकांच्या पाठीवर चढल्यासारखे, नऊ, दहा. तोंड उघडं राहिलं.

"बस? संपलं?" ती म्हणाली.

मग तिने करपलेल्या भाताचा वरचा पांढरा भाग त्याला वरणाबरोबर कालवून भरवला, खालचा आपण खाल्ला. तोंड पुसलं. हाताला तेलही लावलं, नेहमीइतकंच. कुणी पाहिलं असतं तर म्हणालं असतं, बाई आहे म्हणून माणूस जगला. दुपारी तो झोपल्यावर तिने परत ती यादी उघडली. जुना नंबर तिने पुसला नाही. त्याच्या खाली दुसरा नंबर लिहिला. शुभंकरच्या उशाशी बटणाचा एक साधा फोन असायचा. डाव्या हाताने एकचं बटण दाबून धरलं की गीतांजलीला लागायचा. कमला पहाटे पाचला यायची आणि एकला जायची, गीतांजली शिफ्ट सुटून अडीचच्या आत घरी यायची. मधला दीड तास तो एकटा, त्या दीड तासासाठी तो फोन. दीड वर्षात त्याने दोनदा केला होता. एकदा चादर ओली झाली म्हणून, आणि एकदा अंगावर पाल पडली म्हणून; तेव्हा दोन्ही वेळा तिचा जीव वर-खाली झाला होता आणि ती सिग्नल तोडून आली होती. त्या फोनचा नंबर तिने यादीत लिहिला. नाव टाकायचं होतं. शुभंकर घर, असं तिने टाकलं.

सोमवारी दोनला शिफ्ट सुटली. स्टँडवर तिने चाबी फिरवली, बबलू सवयीने वाकला आणि वाचता वाचता थांबला. "अरे! भैया गए?"

"गए," ती म्हणाली.

बबलूच्या तोंडचं हसू गेलं, तो काहीतरी पुटपुटला, पण तिने हेल्मेट घातलं होतं. घराच्या सेक्टरकडे वळायच्या जागी ती वळली नाही. पावर हाउसची वस्ती मागे पडली, मग चरोदा. एप्रिलचं ऊन डांबरावरून वर येऊन हेल्मेटच्या आत शिरत होतं. पर्स मागच्या सीटला दोरीने बांधलेली होती, फोन पर्सच्या तळाशी. काच स्वच्छ होती. अठ्ठेचाळीस, बावन्न, पंचावन्न. गिअर चार. दोन वाजून एकतीस. अडीच झाले, तो दाराकडे पाहत असेल. दोन चाळीस. आता डावा हात उशाकडे गेला असेल. ती रस्त्याकडे कमी आणि काचेकडे जास्त पाहत होती, आणि काचेवर काही येत नव्हतं, आणि काही येत नव्हतं यातच सगळं होतं. तिला आनंद झाला. साधासुधा नव्हे, शाळेत पहिला नंबर आल्यावर व्हायचा तसला आनंद. त्या दिवशी त्याला असंच दिसलं असेल. रिकामा रस्ता, निळे आकडे, वेग नीट दिसतोय. कुणाच्या पायाखाली रक्त आहे हे इथून दिसत नाही. मला दिसतंय तरी मी चाललेच आहे, असं तिच्या मनात आलं. म्हणजे मी त्याच्यापेक्षा वाईट. तर असू दे, वाईट तर वाईट. चार वर्षं चांगली राहून काय मिळालं?

कुम्हारीला टपरीवर तिने चहा घेतला. तिथल्या बाकावर बसून तिला पहिल्यांदा भीती वाटली. तो उठायला गेला असेल. पडला असेल. डोकं आपटलं असेल. पर्स समोर गाडीवर होती, चार पावलांवर. उघडून पाहिलं तरी झालं असतं. तिने चहा फुंकून फुंकून प्यायला. शेजारच्या टेबलावर तीन माणसं हेल्मेटं ठेवून भजी खात होती, मोठमोठ्याने हसत होती, आणि त्यांतल्या एकाचा फोन टेबलावर थरथरत होता. त्याने पाहिलं आणि उलटा घातला. "मिसेस है," तो म्हणाला, आणि बाकीचे हसले. गीतांजलीने दुसरा चहा सांगितला. तहान नव्हती. उठली असती तर तिने त्या माणसाच्या कानाखाली काढली असती, किंवा सरळ घरी गेली असती, आणि दोन्हींपैकी काहीच तिला करायचं नव्हतं. घड्याळात साडेतीन होईस्तोवर ती बसली. मग निघाली, आणि परतीच्या वाटेवर चाळीसच्या वर एकदाही गेली नाही.

दार उघडलं तेव्हा चार वीस झाले होते. कूलरमधलं पाणी संपून तो कोरडाच खडखडत होता. शुभंकर पलंग आणि दार यांच्या मध्ये जमिनीवर पडला होता, उजव्या अंगावर, जे त्याला कळत नव्हतं त्या अंगावर. पाण्याचा तांब्या लवंडला होता. लुंगी ओली होती, ती तांब्याच्या पाण्याने नव्हे. भुवईवर खोक पडली होती आणि रक्त उजव्या डोळ्यापर्यंत येऊन वाळलं होतं. बटणाचा फोन अजून त्याच्या डाव्या मुठीत होता. शुभंकर जिवंत होता. तिला कळलं की तिला तो जिवंत हवा होता. या क्षणासाठी तरी हवा होता. तिने आधी पर्स उघडली. नऊ मिस्ड कॉल. दोन अडतीसपासून तीन बारापर्यंत. नऊच? तिला फसवल्यासारखं झालं. नवव्यानंतर त्याने सोडून दिलं होतं.

ती त्याच्यासमोर उकिडवी बसली. त्याने तिच्याकडे पाहिलं, आणि त्याच्या तोंडावर आधी सुटका आली, लहान पोराच्या तोंडावर येते तशी. ती तिने येऊ दिली. मग म्हणाली, "मले एकबी कॉल आला नाही. मी मीटरवर पाह्यतच होती ना. टॉवरचा प्रॉब्लेम असन."

तिने वाक्य पाठ केलं नव्हतं. ते चार वर्षं तोंडात होतंच. शुभंकरच्या तोंडावरची सुटका विझली. तो बराच वेळ तिच्याकडे पाहत राहिला, रक्ताळल्या डोळ्याने आणि चांगल्या डोळ्याने, आणि या खेपेला त्याने नजर भिंतीवर नेली नाही. ओठ हलले. एक. घसा कोरडा होता, आवाज खरवडत आला. दोन. तीन. भराभर नाही, एक एक करून. आठ. नऊ. दहा. नेहमीसारखं तोंड उघडं राहिलं, जीभ शोधायला लागली. आता झालं, म्हणून तिने टॉवेलसाठी हात लांब केला.

"अकरा," तो म्हणाला.

तिचा हात तिथेच राहिला.

"बारा. तेरा." त्याच्या कपाळाच्या शिरा फुगल्या होत्या, लाळ हनुवटीवर आली होती. "चौदा."

आणि त्याने तोंड मिटलं. ती पंधराची वाट पाहत राहिली. कूलर खडखडत होता, वर मथुराच्या घरी काहीतरी कुटणं चाललं होतं. पंधरा आले नाहीत. त्याचं तोंड मिटलेलं होतं, पक्कं, काम पुरं झालेल्या माणसाचं. म्हणजे त्याच्या फोनवर सगळे होते. त्याने मोजले होते. कुम्हारीला भजी खाताना मोजले की दवाखान्याच्या पायरीवर, कोण जाणे, पण मोजले होते, आणि चौदा मिस्ड कॉल खिशात घेऊन तो तिच्यासमोर रडला होता, सिम आणून दिलं होतं, डोक्यावर हात ठेवला होता. बायकोचं नाव तोंडातून गेलं, पाणी हा शब्द गेला, स्वतःचं नाव गेलं; हा आकडा तेवढा त्याने ठेवला होता. आपण रडू, असं तिला वाटलं. तिने वाट पाहिली. डोळे कोरडेच राहिले. टॉवेल ओला करायला हवा होता, लुंगी बदलायला हवी होती, खोक धुवायला हवी होती. मथुराला हाक मारली तर ती धावत आली असती. गीतांजलीने टॉवेल घडी करून पलंगावर ठेवला आणि भिंतीला पाठ लावून, त्याचा डावा हात पोचणार नाही इतक्या अंतरावर, ऐसपैस बसली.

"परत," ती म्हणाली. "एकपासून."

शुभंकरने डोळे मिटले, आणि मोजायला सुरुवात केली.